नाव वगळा, बाकी राहू द्या

हे प्रकरण पुण्यात तयार झालेल्या एका माहितीपटाचं आहे. विषय श्रीलंकेत गेलेली भारतीय शांतिसेना आणि माणूस एकच: वानवडीतल्या एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करणारे निवृत्त हवालदार. त्यांचं आणि दिग्दर्शिकेचं नाव, पलटण, गाव हे सगळं इथे मुद्दाम वगळलं आहे. त्याचं कारण या प्रकरणाच्या पोटातच आहे. माझा संबंध संकलनाच्या टप्प्यावर सल्लागार म्हणून आला. त्यामुळे हे लिखाण एडिट टेबलाकडे झुकलेलं आहे, आणि माझ्या मते या प्रकारच्या फिल्मचा खरा निकाल तिथेच लागतो.

मूळ बेत वेगळा होता. दिग्दर्शिकेच्या डोक्यात 'द वॉर टेप्स' होती. २००४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या नॅशनल गार्डने डेबोरा स्क्रँटन यांना इराकला जाणाऱ्या तुकडीबरोबर राहून चित्रीकरण करायची संधी देऊ केली. त्यांनी उलट विचारलं, मी येण्याऐवजी जवानांच्याच हातात कॅमेरे दिले तर? ते मान्य झालं. जवानांनी गाडीवर, हेल्मेटजवळ, हातात, जमेल तसे कॅमेरे लावून शेकडो तासांचं चित्रीकरण केलं. स्क्रँटन घरून ई-मेल आणि मेसेंजरवर त्यांच्याशी बोलत राहिल्या. २००६ मध्ये ट्रायबेका महोत्सवात ती फिल्म सर्वोत्कृष्ट माहितीपट ठरली. 'कॅमेरा जवानाला द्या' हा मंत्र तेव्हापासून फिल्म शिकणाऱ्यांच्या तोंडी आहे. मंत्रात एक गोष्ट राहून जाते. कॅमेरा जवानांकडे होता, पण कात्री नव्हती. एवढ्या ढिगातून दीड तास कोणता ठेवायचा हे घरी बसलेल्या चित्रकर्त्यांनी ठरवलं.

आपल्याकडे गाडी त्याच्याही आधी अडते. संविधानाच्या ३३व्या कलमाने सैन्यातल्या माणसाच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायचा अधिकार संसदेला दिला आहे. त्या आधाराने लष्कर कायदा, १९५० चं २१वं कलम येतं आणि त्याखाली लष्कर नियम, १९५४ मधला नियम २१. सेवेत असलेल्या माणसाने सेवेशी संबंधित मजकूर सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही, पत्रकारांना कळवायचा नाही, असा त्याचा सरळ अर्थ. जुलै २०२० मध्ये तर लष्कराने आपल्या लोकांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप फोनवरून काढून टाकायला सांगितली. दिग्दर्शिकेचा मावसभाऊ फौजेत आहे. तिने त्याच्याकडे नुसता विषय काढला, तर तो म्हणाला, "ताई, नोकरी घालवशील माझी." बेत तिथेच मोडला, आणि मोडला ते बरंच झालं. परवानगीशिवाय आलेल्या चित्रीकरणावर फिल्म उभी करायची म्हणजे सगळी जोखीम जवानाने उचलायची आणि पुरस्कार आपण घ्यायचे.

मग उरले निवृत्त. त्यांचा पुण्यात तुटवडा नाही. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, सॅपर्स म्हणजे लष्करातले अभियंते खडकीत, वडगाव शेरीत तर अख्खी सैनिकवाडी. कॅन्टीनच्या रांगेत किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात तासभर बसलं तर चार मोहिमांची माणसं भेटतात. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या आणि आयटी कंपन्यांच्या गेटवर पंधरा-सतरा वर्षं बंदूक धरलेला माणूस वहीत गाड्यांचे नंबर लिहीत बसलेला असतो. आपण त्याला काच खाली करून "फ्लॅट सी-चारशे दोन" एवढंच सांगतो.

हे हवालदार १९८७ मध्ये पंचविशीच्या आत होते. सुरुवातीच्या भेटींत त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही सत्कार समारंभात चालून गेलं असतं: पलटणीची परंपरा, साहेब लोकांची शिस्त, जाफन्याची उष्णता. दिग्दर्शिका त्यांना "काका" म्हणत होती, ते तिला "मॅडम". फिल्म होईल असं त्यात काही नव्हतं. मग एकदा काकूंनी सांगितलं, "हे पत्र लिहायचे नाहीत. कंटाळा. टेप भरून पाठवायचे."

त्रिंकोमालीच्या बाजारात घेतलेला जपानी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, आणि सुट्टीवर निघालेल्या जोडीदाराच्या ट्रंकेतून गावी पोचलेल्या कॅसेट. काकूंनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत, साडीच्या घडीत, कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या होत्या.

कॅसेट तीन दशकं कपाटात राहिली की काय होतं हे आधी सांगतो. पुण्याच्या पावसाळ्यात फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. फीत ज्या कापडी गादीने हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबली जाते, ती गादी गोंद सुटून गळून पडते. अशी कॅसेट घरातल्या जुन्या प्लेअरमध्ये घालून "बघू वाजते का" करणं हा सगळ्यात मोठा घात. बुरशी हेडला लागते, फीत गुंडाळली जाते आणि पहिल्याच फेरीत माल संपतो. इथे ध्वनीचं काम करणाऱ्या मुलाने फीत काढून स्क्रूने उघडणाऱ्या नव्या कवचात बसवली, हाताने सावकाश पुढे-मागे फिरवली, डेकच्या हेडचा कोन प्रत्येक कॅसेटसाठी वेगळा जुळवला, कारण मूळ टू-इन-वनचं हेडच तिरकं होतं. मग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला प्रत केली. तो कोन जुळला नाही तर आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा येतो, आणि मग लोक फिल्टर लावत बसतात.

फिल्टरवरून आमचा वाद झालाच. पहिल्या प्रतीत त्याने मागची घरघर काढून आवाज स्वच्छ केला होता. तांत्रिकदृष्ट्या काम चोख. पण ती घरघर जनरेटरची होती. तिच्यात कुणीतरी पत्ते पिसत होतं, एक जण खोकत होता, लांब कुठेतरी हेलिकॉप्टर उतरत होतं. काका तोंडाने सांगत नव्हते ते सगळं मागे चाललेलं होतं. घरघर परत आणली.

कॅसेटमधला मजकूर मात्र युद्धाचा नाहीच. म्हशीला किती दूध, सोसायटीचं कर्ज फिटलं का, पोराला गोवराची लस टोचली का, धाकट्याच्या लग्नात मांडवाला खर्च जास्त करू नका. एका ठिकाणी बोलता बोलता लांबून धप् असा आवाज येतो. काका थांबतात. दोन-तीन श्वास. मग म्हणतात, "काही नाही, सराव चाललाय." आणि पुन्हा मांडवाचा खर्च.

तैनातीवरच्या सैनिकाचा दृष्टिकोन म्हणजे काय, याचं मला भेटलेलं सगळ्यात प्रामाणिक ध्वनिमुद्रण हे आहे, आणि त्यात तो खोटं बोलतोय. कॅमेरा किंवा माइक हातात दिला की माणूस आपोआप खरं बोलतो, ही समजूत इथे उघडी पडते. तो समोरच्यासाठी बोलतो. इथे समोर गावातली बायको होती. दुसरीकडे पत्रकार असतो, वरचा अधिकारी असतो, हल्ली फोनवरचे अनोळखी लोक असतात. म्हणून मोहिमेवरचं ध्वनिमुद्रण एकटं पुरत नाही आणि तीस वर्षांनंतरची मुलाखतही एकटी पुरत नाही. अफगाणिस्तानातल्या कोरेंगल खोऱ्यावरच्या 'रेस्ट्रेपो'मध्ये टिम हेदरिंग्टन आणि सेबॅस्टियन युंगर यांनी हेच ओळखलं होतं. खोऱ्यातलं चित्रीकरण त्यांनी केलंच, पण तुकडी इटलीतल्या तळावर परतल्यावर त्याच जवानांना काळ्या पडद्यासमोर बसवून पुन्हा बोलतं केलं. खोऱ्यात हसणारा चेहरा आणि इटलीतला तोच चेहरा यांच्यामधल्या अंतरात ती फिल्म घडते.

दिग्दर्शिकेने काकांना हेडफोन दिला आणि त्यांना स्वतःचा आवाज ऐकताना चित्रित केलं. प्रश्न एकही विचारला नाही. "सराव चाललाय" आलं आणि काकांनी हेडफोन काढला. म्हणाले, "सराव नव्हता तो." आणि पुढचं सगळं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

एवढ्यापुरता इतिहास. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला आणि शांतता राखायला म्हणून आपली फौज गेली. ऑक्टोबरमध्ये 'ऑपरेशन पवन' सुरू झालं, आणि ज्या तमिळ गटांना काही वर्षांपूर्वी भारतातच शस्त्रांचं शिक्षण मिळालं होतं त्यांच्यातल्याच एका गटाशी, एलटीटीईशी, ती लढू लागली. आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला मारले गेले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. अकराशेहून जास्त जवान परत आले नाहीत. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. फिल्ममध्ये हा भाग निवेदनाने चार मिनिटं चालतो. माझ्या मते पडद्यावरच्या दोन लेखी पाट्यांत भागलं असतं. दिग्दर्शिकेचं म्हणणं, पुण्यातल्या चाळिशीच्या आतल्या प्रेक्षकाला कारगिल माहीत आहे, हे नाही. चार मिनिटं राहिली. मला ती अजूनही जड वाटतात.

काकांनी सांगितलं ते थोडक्यात असं. गस्तीवर असताना रस्त्याखालच्या मोरीत पेरलेला स्फोट झाला. त्यांच्या सेक्शनमधला, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीतला, जोडीदार गेला. त्यानंतर सेक्शन शेजारच्या वस्तीत शिरलं, एका घरातून एका म्हाताऱ्याला ओढून बाहेर काढलं आणि मारलं. स्फोटाच्या वायरबद्दल त्याला काही माहीत होतं का, हे कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी भाषा येत नव्हती. गस्तीचं सगळं ते फौजी हिंदीत सांगत होते. म्हाताऱ्यापाशी आल्यावर मराठीत म्हणाले, "मीपण मारलं."

इथून पुढे हे प्रकरण कलेचं राहिलं नाही, व्यवहाराचं झालं.

पैसे लावणाऱ्याला ते वाक्य दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये हवं होतं. दिग्दर्शिकेने नकार दिला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

काकांचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. तो भडकला, आणि त्याचा राग समजण्यासारखा होता. "बाबांच्या पेन्शनचं काय? उद्या कुणी क्लिप कापून टाकली तर गेटवर उभं राहता येईल का त्यांना?" लष्करी कायद्याची माहिती असलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याचं मत घेतलं. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. नियम २१ सेवेतल्या माणसाला आहे. १९२३ चा गोपनीयतेचा कायदा मात्र निवृत्तालाही लागू राहतो, पण इथे नकाशा, संकेत, शस्त्राची माहिती असं काही नाही. खरी अडचण तिसरीच, ती म्हणजे कबुली. कॅमेऱ्यासमोर बोललेलं वाक्य प्रसंगातून सुटून एकटं फिरू लागतं. अफगाणिस्तानातल्या डॅनिश जवानांवरच्या, डेन्मार्कच्या यानुस मेट्झ यांच्या 'आर्माडिलो'चं उदाहरण त्या बैठकीत निघालं. २०१० मध्ये ती फिल्म आल्यावर जखमी तालिबानींच्या मृत्यूबद्दल जवान जे बोलताना दिसतात, त्यावरून तिकडे चौकशी झाली. ते जवान आपापसात बोलत होते. ऐकलं सगळ्या देशाने.

चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी सही घेतली जाते ते संमतीपत्र इथे कुचकामी आहे. 'सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी' असं त्यात छापलेलं असतं, आणि सही करणाऱ्याला आपण काय बोलणार हेच तेव्हा ठाऊक नसतं. दिग्दर्शिकेने तीन सह्यांची पद्धत ठेवली: एक चित्रीकरणाला, दुसरी कच्चं संकलन पाहिल्यावर, तिसरी प्रत्येक जाहीर खेळाच्या आधी. आमच्या धंद्यातले लोक यावर हसतात. पात्राला कात्री दिली की प्रत्येक जण स्वतःची आरती करून घेईल, असं त्यांचं म्हणणं. राजकीय पुढाऱ्यावर फिल्म असेल तर मीही तेच म्हणेन. पण ज्याला आयुष्यभर बोलायची मनाई होती आणि जो स्वतःविरुद्ध बोलतोय, त्याला पुढारी समजून वागवणं मला पटत नाही.

कच्चं संकलन बघायला काका-काकू कोथरूडच्या त्या फ्लॅटवर आले, जिथे आम्ही एडिट करत होतो. मुलगा आला नाही. काकूंनी सुरुवातीलाच हरकत घेतली: स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे दिसतायत, एकाला झाकण नाही. ते शॉट बदलून देऊ म्हटलं. मग म्हाताऱ्याचा प्रसंग आला, संपला. दिग्दर्शिका तो काढायच्या तयारीनेच बसली होती, पर्यायी जोडणी करून ठेवली होती.

काका म्हणाले, "मारल्याचं राहू द्या बेटा. झालंय ते. जोडीदाराचं नाव वगळा, बाकी राहू द्या."

कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की पलटणीतून घरी जे पत्र गेलं त्यात 'जागीच वीरगती' असं होतं. तसं झालं नव्हतं. तो बराच वेळ शुद्धीवर होता आणि काकांच्या मांडीवर होता. गावात त्याच्या नावाची कमान आहे, त्या तारखेला शाळेत कार्यक्रम होतो, बायको अजून हयात आहे. "त्यांना जे सांगितलंय तेवढंच त्यांच्याकडे राहू दे."

आम्ही सगळे जिवंत माणसाची काळजी करत होतो. मुलगा पेन्शनची, वकिली मत कबुलीची, दिग्दर्शिका बदनामीची. ज्याची संमती घ्यायला हवी होती तो मेलेला होता, आणि त्याच्या वतीने बोलायचा हक्क कुणाकडे, हा प्रश्न कुठल्याच कागदावर नव्हता. त्याच्या बायकोकडे जाऊन विचारायचं का, यावर चर्चा झाली. विचारायला जायचं म्हणजेच सांगायला जायचं. काकांनी स्पष्ट नाही म्हटलं. मला तो नकार योग्य वाटला. दिग्दर्शिकेला अजून खात्री नाही. ती म्हणते, बायकोला खरं कळायचा हक्क काकांनी परस्पर वापरला. तिचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

नाव वगळणं ऐकायला सोपं. 'बीप' टाकला तर गुन्हेगारी मालिका वाटते. नुसता आवाज बंद केला तर प्रेक्षकाला वाटतं स्पीकर गेला. आम्ही चित्र तसंच ठेवलं आणि नावाच्या जागी त्याच खोलीचा रिकामा आवाज भरला: पंखा, लांबची रिक्षा. काकांचे ओठ हलतात, आवाज येत नाही. ओठांवरून नाव कळेल म्हणून तिथे कॅमेरा त्यांच्या हातांवर गेलेला भाग वापरला. कॅसेटमध्येही त्या जोडीदाराचं टोपणनाव येत होतं. तेही गेलं.

एवढ्यावर भागलं नाही. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर शांतिसेनेतल्या मृतांचीही नावं आहेत. पलटण आणि तारीख हाताशी असेल तर नाव शोधायला फार वेळ लागत नाही. म्हणून तारीख गेली, मोरीजवळच्या गावाचं नाव गेलं, शेवटी पलटणही गेली. भिंतीवरचा पलटणीचा फोटो ज्या शॉटमध्ये होता तो शॉट, जो सगळ्यात देखणा होता, तोही गेला. पलटण गेल्यावर फिल्मचा एक हक्काचा प्रेक्षक गेला: त्या पलटणीची माजी मंडळी, जी हॉल भरू शकली असती. फिल्म त्या जागी कमजोर झाली, हे मान्यच आहे.

निमंत्रितांसाठी एक खासगी खेळ झाला. रास्ता पेठेत जुनी तमिळ वस्ती आहे, तिथले एक वयस्क गृहस्थ आले होते. मराठी अस्सल पुणेरी. ते उठून म्हणाले, "हवालदारसाहेबांच्या धैर्याला नमस्कार. पण त्या म्हाताऱ्याचं काय? तुम्ही जोडीदाराचं नाव जपलंत. म्हाताऱ्याचं नाव तर तुम्हाला वगळायलासुद्धा माहीत नव्हतं." मग त्यांनी जाफन्याच्या रुग्णालयाचा विषय काढला. २१ ऑक्टोबर १९८७ ला तिथे रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या आणि त्याचा आरोप भारतीय फौजेवर आहे. फिल्ममध्ये त्याचा उल्लेख नव्हता.

दिग्दर्शिका शेवटी दोन तमिळ मुलाखती जोडायला निघाली होती. मी विरोध केला. बावन्न मिनिटं एका माणसाच्या डोळ्यांनी बघायचं आणि शेवटची पाच मिनिटं 'दुसरी बाजू' म्हणून चिकटवायची, यात त्या बाजूचा अपमान आहे. तिला तिची स्वतःची फिल्म हवी. रास्ता पेठेतल्या गृहस्थांना माझं हे म्हणणं सोयीचं वाटलं, आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. शेवटी एक पाटी आली: रुग्णालय, तारीख, आरोप, एवढंच. काकांना ती पाटी मान्य नव्हती. तिसऱ्या संमतीपत्रावर सही करताना त्यांनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "मी त्या दिवशी तिथे नव्हतो." दिग्दर्शिकेने तेही वाक्य, त्यांच्या अक्षरातच, पाटीखाली घेतलं.

सध्या फिल्म अडली आहे ती ना-हरकत प्रमाणपत्रावर. जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर मंडळाला पत्र लिहून कळवलं, की लष्करावरच्या फिल्म, माहितीपट, वेब मालिका दाखवण्याआधी निर्मात्यांनी मंत्रालयाचं ना-हरकत घ्यावं असं त्यांना सुचवावं. हे ऑनलाइन दाखवण्यापर्यंत पोचवायला संबंधित मंत्रालयांनाही कळवलं होतं. आज ज्या ऑनलाइन वाहिनीशी बोलणी चालू आहेत ती या कागदाशिवाय पुढे सरकत नाही. अर्ज करायचा तर पूर्ण फिल्म आणि संवादांची लेखी प्रत सोबत द्यावी लागेल. न कापलेल्या मुलाखतीची मागणी आली तर काय, यावर दिग्दर्शिका आणि काका बसून बोलले. अर्ज जाणार आहे. प्रत मात्र बिननावाचीच जाईल, आणि मूळ मुलाखतीची हार्ड डिस्क तिने काकांकडे दिली आहे.